गेम तोच, मग देशागणिक किंमत वेगळी का?

लातूरला इंजिनिअरिंग करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे. त्याच्याकडं पीएस फाइव्ह, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन हे गेम खेळायचं यंत्र आहे, रूममेटकडं पीसी. यानं नव्या गेमची डिस्क ४,९९९ ला घेतली, रूममेटनं तेवढ्याच तोलामोलाचा गेम स्टीम या पीसीच्या ऑनलाइन दुकानातून २,९९९ ला. अमेरिकेत असले गेम ७० डॉलरला आहेत. दुबईतला मावसभाऊ म्हणतो, मी येताना इकडून आणतो. कॉलेजातला एकजण म्हणतो, तुला तुर्कस्तानचं अकाउंट काढून देतो, निम्म्यात काम होईल. याचं म्हणणं असं: गेम तर तोच आहे, त्यात एक अक्षर इकडचं तिकडं नाही, मग हा फरक आला कुठून? आणि यात आपल्याला लुटतंय कोण?

मी बरीच वर्षं छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, गेमच्या डिस्क विकल्या. आता एका छोट्या स्टुडिओच्या गेमचे देशोदेशीचे भाव ठरवण्याचं काम करतो. त्यामुळं गल्ल्यावर बसून शिव्याही खाल्ल्यात आणि ज्या तक्त्यात हे आकडे भरतात तो तक्ताही रोज उघडतो. थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं: कर आणि जकात हे कारण आहे, पण ते यंत्राच्या बाबतीत मोठं आणि गेमच्या बाबतीत लहान. गेमचा भाव ठरतो तो त्या देशातलं गिऱ्हाईक किती देऊ शकतं यावर, आणि तिथला स्वस्त माल दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून घातलेलं कुंपण किती पक्कं आहे यावर. कुंपण पक्कं असेल तर भाव उतरतो. कच्चं असेल तर गरीब देशालाही श्रीमंत देशाचाच भाव लागतो. तुझ्या आणि रूममेटच्या बिलातला फरक याच्यातच आहे, पण त्याआधी तुझा हिशोब सरळ करून घेऊ.

अमेरिकेतली ७० डॉलर ही किंमत कराशिवायची आहे. तिकडं पाटीवर कर धरत नाहीत, बिल करताना राज्याचा विक्रीकर वर चढतो. न्यूयॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के आहे, ओरेगॉन राज्यात शून्य. आपल्याकडं एमआरपीमध्ये सगळे कर आलेले असतात. तेव्हा ४,९९९ मधून आधी १८ टक्के जीएसटी बाजूला काढ. उरतात साधारण ४,२३६. डॉलर ८५ रुपये धरला तर ७० डॉलरचे ५,९५० होतात. म्हणजे रुपयाला रुपया लावून बघितलं तर कंपनी अमेरिकन माणसापेक्षा तुझ्याकडून सतराशे रुपये कमीच घेते. युरोपात आणखी वेगळं. तिथल्या किमतीत आपल्यासारखाच कर आत असतो: जर्मनीत १९ टक्के, इंग्लंडात २०, हंगेरीत तर २७. एकाच गेमचा युरोपातला आकडा अमेरिकेपेक्षा फुगलेला दिसतो त्यातला मोठा भाग हाच.

एवढं सांगितलं की पोरं चिडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. अमेरिकेत केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेच. त्या सगळ्यात खालच्या मजुरीनंसुद्धा ७० डॉलर दहा तासांत हातात येतात. आपल्याकडं रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशोबानं ४,९९९ म्हणजे सोळा दिवसांचं काम. आणि लातूरचाच आहेस म्हणून सांगतो, २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, आडतीत तर तेवढाही मिळाला नाही. एक गेम घ्यायला बापाला एक क्विंटल सोयाबीन घालूनही वर पैसे लागले असते.

अर्थशास्त्रवाले यासाठी क्रयशक्तीचा दर काढतात. बँकेचा दर डॉलरला ८५ धरला तरी अमेरिकेत एका डॉलरला जेवढं सामान येतं तेवढं भारतात वीस-पंचवीस रुपयांत येतं. या दरानं ७० डॉलरचे होतात १,४०० ते १,७५०. म्हणजे तुझी डिस्क बँकेच्या दरानं स्वस्त आहे आणि खिशाच्या मानानं तिपटीनं महाग. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि या विषयावरची निम्मी भांडणं ही एकानं एक दर धरला आणि दुसऱ्यानं दुसरा, एवढ्यावरच चाललेली असतात.

मग कंपनी दीड हजाराला का देत नाही? आता माझ्या कामाकडं ये.

तुरीची डाळ विकणाऱ्याला खरेदीच्या खाली विकून चालत नाही. गेमला खरेदी किंमतच नसते. बनवायला जो खर्च व्हायचा तो आधीच होऊन गेलेला असतो, आणि पुढं एक प्रत जास्त डाउनलोड झाली तर विकणाऱ्याला पडणारा खर्च जवळपास शून्य. त्यामुळं ‘परवडत नाही’ हा शब्द इथं लागू होत नाही. समजा आमचा गेम १५ डॉलरचा आहे आणि भारतात आम्ही तो ४८० रुपयांना ठेवला. ४८० मधून जीएसटी गेला की ४०७ उरतात. त्यातले ३० टक्के स्टीम घेतं. स्टुडिओच्या हातात पडतात २८५ च्या आसपास. तोच गेम अमेरिकेत विकला तर साडेदहा डॉलर, म्हणजे नऊशेच्या आसपास. तिकडचा एक गिऱ्हाईक इकडच्या तिघांबरोबर. पण इकडचा गिऱ्हाईक १५ डॉलरला घेणारच नव्हता, त्यामुळं त्याचे २८५ हे पूर्ण वरकमाईचे. म्हणून आम्ही खुशीनं ४८० लावतो. एका अटीवर: अमेरिकेतल्या माणसाला हा ४८० चा गेम घेता येता कामा नये. तो घ्यायला लागला की प्रत्येक विक्रीमागं आमचे सहाशे रुपये गेले.

तक्त्याचं म्हणशील तर तो अगदी साधा असतो. वर डॉलरचा आकडा टाकायचा. खाली रांगेनं पस्तीस-चाळीस चलनं: युरो, पौंड, येन, झ्लॉटी, रुपया, रियाल, वॉन. डॉलरचा आकडा टाकला की स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी बाकीच्या घरांत सुचवलेले भाव आपोआप भरून देते. हे भाव नुसत्या बँकेच्या दरानं काढलेले नसतात, क्रयशक्ती आणि त्या त्या देशातली महागाईही धरलेली असते. बंधन काही नाही, हवा तो आकडा बदलता येतो. पण खरं सांगायचं तर लहान स्टुडिओतला माणूस त्या दिवशी शंभर कामांत असतो. तो सुचवलेले आकडे तसेच ठेवतो आणि बटण दाबून मोकळा होतो. तुला वाटत असेल की भारताचा भाव ठरवायला कुणीतरी बैठक घेतली असेल. बहुतेक वेळा कुणी त्या घराकडं नीट बघितलेलंसुद्धा नसतं. मी बघतो, आणि भारताचा आकडा सुचवलेल्याच्याही थोडा खाली ओढतो. पाचशेच्या आतला गेम आपलं पोरगं स्वतःच्या खर्चीतून, यूपीआयनं, घरी न विचारता घेतं. पाचशेच्या वर गेलं की विषय वडिलांपर्यंत जातो आणि तिथं बहुतेकदा संपतो.

हा भाव खाली यायला आणखी एक कारण होतं, ते म्हणजे चोरीचा माल. २००० नंतरची आठ-दहा वर्षं आठव. आठवत नसेल तर मोठ्या भावाला विचार. पीएस टू या जुन्या प्लेस्टेशनला कॉपीच्या डिस्क चालवणारी चिप बसवून घ्यायची आणि पन्नास-शंभराला कॉपी मारलेली डिस्क आणायची, हाच रिवाज होता. ओरिजिनल डिस्क ठेवणाऱ्या आमच्यासारख्याची स्पर्धा शेजारच्या दुकानाशी नव्हती, त्या पन्नास रुपयांशी होती. व्हॉल्व्हचे सहसंस्थापक गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये जाहीरपणे मांडलं होतं की चोरी ही मुळात सेवेची अडचण आहे, किमतीची नव्हे; चोरापेक्षा चांगली सेवा द्या, लोक पैसे देतात. उदाहरण त्यांनी रशियाचं दिलं होतं. मला ते अर्धंच पटतं. सेवा म्हणजे काय, तर परवडेल असा आकडा आणि तो भरायची सोय. स्टीमवर रुपयात भाव आले २०१५ च्या नोव्हेंबरात. त्याआधी डॉलरमध्ये पैसे भरायचे म्हणजे आंतरराष्ट्रीय कार्ड पाहिजे, आणि ते तेव्हा परभणी-हिंगोलीत कितीजणांकडं होतं? रुपया आला, मग नेटबँकिंग आणि यूपीआय आलं, तेव्हा कुठं इकडच्या पोरांनी पहिल्यांदा गेम विकत घेतला. सेवा आणि भाव दोन्ही एकदमच सुधारले, त्यामुळं श्रेय एकट्या कुणाला देता येत नाही.

आता कुंपण. पीसीवर ते पैसे भरण्याच्या पद्धतीचं आहे. स्टीमवर देश बदलायचा तर त्या देशातलं कार्ड किंवा बँक खातं लागतं, आणि तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो. भेट द्यायची म्हटलं आणि दोन देशांच्या भावात फार तफावत असेल तर ती जात नाही. हे कुंपण बऱ्यापैकी टिकतं. जिथं ते तुटलं तिथं काय झालं ते तुर्कस्तान आणि अर्जेंटिनाला विचार.

तुर्की लिरा २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला सात-साडेसात होता, २०२३ संपता संपता एकोणतीसच्या घरात गेला. अर्जेंटिनाचा पेसो त्याहून वाईट. पण गेमचे भाव रोज बदलत नाहीत, गेम बाजारात आणणाऱ्या प्रकाशकानं एकदा आकडा टाकला की तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. चलन घसरलं, भाव जागेवर, त्यामुळं तिथले गेम डॉलरमध्ये मोजले तर मातीमोल झाले. मग युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी, आणि आपल्या पोरांनीही, व्हीपीएन लावून, म्हणजे आपण त्याच देशात आहोत असं भासवून, तिकडची खाती काढली, तिकडची गिफ्ट कार्डं मिळवली. व्हॉल्व्हनं २०२२ च्या ऑक्टोबरात या दोन देशांसाठी सुचवलेले भाव कित्येक पटींनी वाढवले. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा २० नोव्हेंबर २०२३ पासून दोन्ही देशांतून स्थानिक चलन काढून डॉलरमध्येच विक्री सुरू केली. इस्तंबूलमधल्या खऱ्या गिऱ्हाइकानं एका रात्रीत आपल्या आवाक्यातले गेम गमावले. दिवाळी बाहेरच्यांनी केली, दिवाळं यांचं निघालं. भारतातल्या भावाबाबत मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

उलटा प्रकार पोलंडचा. २०२२ मध्ये सुचवलेले भाव काढले तेव्हा झ्लॉटी नेमका पडलेला होता, डॉलरला जवळजवळ पाच. पुढं तो सावरून चारच्या खाली आला, पण तक्त्यातले आकडे तसेच राहिले. परिणाम असा की पोलंडचा माणूस अमेरिकन माणसापेक्षा जास्त पैसे देऊ लागला, आणि तेही गेम बनवण्यात नाव कमावलेल्या देशात. यात कुणाचा डाव नव्हता. तक्त्यातला जुना आकडा कुणी बदलला नाही, बस.

कुंपण कधीकधी भाषेचंही असतं. याचं ताजं उदाहरण जपानचं आहे. निन्टेंडोनं जून २०२५ मध्ये स्विच टू हे आपलं गेमचं यंत्र आणलं तेव्हा जपानमध्ये दोन नमुने काढले. फक्त जपानी भाषेत चालणारा ४९,९८० येनला आणि सगळ्या भाषांत चालणारा ६९,९८० येनला. अमेरिकेत किंमत होती ४४९.९९ डॉलर. येन तेव्हा इतका स्वस्त होता की सगळ्या भाषांचा नमुनाही कमी किमतीत ठेवला असता तर पर्यटकांनी बॅगा भरून नेले असते. त्याच्या थोडं आधी, मार्च २०२५ मध्ये, निन्टेंडोनं जपानच्या ऑनलाइन दुकानात परदेशी क्रेडिट कार्डं घेणंही बंद केलं होतं. स्वस्तात द्यायचं तर आपल्याच माणसाला द्यायचं, हा त्यातला साधा विचार. रशियातही एकेकाळी स्वस्त प्रती फक्त रशियन भाषेत निघायच्या.

भारताचं इथं अडतं. आपण गेम इंग्रजीत खेळतो. भारतासाठी काढलेली स्वस्त प्रत जगात कुठंही चालते, तिला भाषेचं कुंपण घालताच येत नाही. मराठीत किंवा हिंदीत गेम आले तर स्वस्त होतील का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, फक्त त्या भाषेतच चालणारी प्रत काढली तर शक्य आहे. पण ती घेणारे किती निघतील हा प्रश्न आहे, आणि मराठी लोक तो प्रश्न ऐकून गप्प बसतात.

सगळीकडं कुंपण घालायची मुभाही नसते. युरोपियन युनियनमध्ये एका सदस्य देशात घेतलेली वस्तू दुसऱ्यात वापरता आली पाहिजे हे तत्त्व आहे. पूर्व युरोपातल्या काही देशांतले स्वस्त कोड (गेम चालू करायचे क्रमांक) पश्चिमेत चालू नयेत म्हणून त्यांना कुलूप घातल्याबद्दल युरोपियन आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. बान्दाई नामको आणि कॅपकॉम त्यात होते. ग्राहकाचा विजय म्हणून पेपरांनी छापलं. पण विचार कर, कुंपणाला बंदी म्हटल्यावर कंपनी काय करेल? पश्चिमेचा भाव उतरवेल की पूर्वेचा चढवेल? मी तो तक्ता भरत असतो तर मला उत्तर शोधावं लागलं नसतं.

आता तुझ्या पीएस फाइव्हकडं वळू. रूममेटला २,९९९ आणि तुला ४,९९९, याची माझ्या मते तीन कारणं आहेत, आणि तिन्हींत कराचा काही संबंध नाही, कारण १८ टक्के दोघांनाही सारखेच आहेत.

एक तर डिस्क. ती खिशात घालून विमानात बसता येतं. पीएस फोर आणि पीएस फाइव्हचे गेम देशाला बांधलेले नाहीत. भारतातली डिस्क शिकागोत चालते. भारतात ती दीड हजाराला ठेवली तर मुंबईतला एखादा व्यापारी पेटीच्या पेट्या बाहेर पाठवेल, आणि त्याला अडवायला कायदाही पुरणार नाही. म्हणून डिस्कचा भाव जगभरात फार खाली-वर होत नाही. आणि सोनीच्या ऑनलाइन स्टोअरवर तोच गेम डाउनलोडला निम्म्यात ठेवला तर दुकानदार ओरडतील, म्हणून तिथंही साधारण तोच आकडा.

दुसरं कारण जरा टोचेल. ज्याच्या घरात पन्नास हजारांचं यंत्र आहे त्याची ऐपत आधीच कळलेली असते. पीसी माणूस शिक्षणासाठी घेतो, ऑफिससाठी घेतो, त्यावर गेमही खेळतो. त्यात सगळ्या थरातले लोक येतात. पीएस फाइव्ह फक्त खेळायला घेतात. मराठवाड्यात तो कुणाच्या घरी दिसतो? डॉक्टर, बिल्डर, बियाणं-खताचा डीलर, नाहीतर पुण्यात आयटीत असलेला मोठा भाऊ. तू कर्ज काढून किंवा हप्त्यानं घेतला असशील, पण कंपनीच्या हिशोबात तू त्याच रांगेत. त्या रांगेला अमेरिकेच्या जवळचा भाव लागतो.

तिसरं म्हणजे दुकान एकच. पीसीवर स्टीम आहे, एपिक हे दुसरं ऑनलाइन दुकान आहे जे ३० ऐवजी १२ टक्केच कापून घेतं, शिवाय चोरीचा रस्ता उघडाच. तुझ्या कन्सोलवर, म्हणजे पीएस फाइव्हच्या यंत्रावर, डाउनलोड घ्यायचं तर सोनीचंच स्टोअर. कन्सोलच्या धंद्याची रीतही अशी की यंत्रावर फारसं सुटत नाही, कमाई विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्यातून काढायची. तो वाटा सोडायला कोण तयार होईल?

यंत्राचा विषय निघालाच आहे तर तिथं मात्र सरकारला बोल लावायला जागा आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात व्हिडिओ गेमच्या यंत्रांवरची आयात जकात १० वरून २० टक्क्यांवर गेली. आता शंभर रुपयांच्या मालाचं काय होतं बघ. २० रुपये जकात. त्या जकातीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी २. झाले १२२. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २२. बंदरातून बाहेर पडताना शंभराचे १४४ झालेले असतात. गंमत म्हणजे जीएसटी तरी बराच उतरलेला आहे. डिसेंबर २०१८ पर्यंत तो २८ टक्के होता. पीएस फाइव्ह अमेरिकेत ४९९ डॉलरला आला, तेव्हाच्या दरानं साधारण साडेछत्तीस हजार. आपल्याकडं फेब्रुवारी २०२१ मध्ये तो आला ४९,९९० ला. पुढं नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला.

हे जास्त वाटत असेल तर ब्राझील बघ. २०१३ मध्ये पीएस फोर अमेरिकेत ३९९ डॉलरला आणि ब्राझीलमध्ये ३,९९९ रियालला, म्हणजे अठराशे डॉलरच्या घरात. विमानानं न्यूयॉर्कला जाऊन घेऊन आलं तरी स्वस्त पडेल असा हिशोब तिथले लोक मांडत होते. आयात मालावर भरमसाट कर लावायचे म्हणजे देशात कारखाने उभे राहतील, असं ते जुनं धोरण. तसा एक उभा राहिलाही: टेकटॉय नावाची कंपनी सेगाचं मास्टर सिस्टम हे १९८० च्या दशकातलं यंत्र तिकडं परवाना घेऊन बनवत राहिली, आणि बाकी जग ते विसरून गेल्यावरही ब्राझीलमध्ये ते दुकानांत मिळत राहिलं. पण नवं यंत्र महाग ते महागच.

लूट म्हणायची तर ती कुठं? माझ्या लेखी ऑस्ट्रेलियाचं प्रकरण त्याच्या सगळ्यात जवळ जातं. तिथले लोक श्रीमंत, भाषा इंग्रजी, माल डाउनलोडचा, तरी गेम आणि सॉफ्टवेअर अमेरिकेपेक्षा ठळकपणे महाग. संसदेच्या समितीनं कंपन्यांना बोलावून चौकशी केली आणि २०१३ मध्ये अहवाल दिला. भाडं, पगार, वाहतूक ही कारणं कंपन्यांनी पुढं केली, पण डाउनलोडला वाहतूक कसली? लोक देतात म्हणून घेतो, हेच खरं कारण होतं. त्यामानानं भारताला पीसीवर सूट मिळते. कन्सोलवर सूट कमी मिळते. याला लूट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कंजूषपणा म्हणेन.

तुर्कस्तानच्या अकाउंटचं म्हणशील तर नको करू. स्टीमवर आता तिथं डॉलरच आहे, फायदा उरलेला नाही. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा ठरला की बदलता येत नाही, त्यामुळं ते खातं कायमचं तुर्की राहणार, त्यात पैसे टाकायला दरवेळी कुणाकडून तरी गिफ्ट कोड घ्यावे लागणार, आणि ते खातं ‘काढून देणाऱ्या’कडं पासवर्ड राहिला तर सगळे गेम त्याचे. अनोळखी साइटवरच्या स्वस्त कोडचंही तेच. २०१५ च्या जानेवारीत युबीसॉफ्ट या गेम कंपनीनं बाहेरच्या साइटवर विकले गेलेले फार क्राय फोर या गेमचे कोड रद्द केले, आणि पैसे देऊन बसलेल्यांच्या खात्यातून गेम गायब झाला. नंतर काहींना परत मिळाला, पण तोवरचा मनस्ताप कोण भरून देणार?

स्वस्तात खेळायचं तर डिस्क हा तुझा हुकमाचा पत्ता आहे, तो रूममेटकडं नाही. त्यानं २,९९९ दिले ते गेले. स्टीमवरचा गेम पुन्हा विकता येत नाही, फार तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. तू ४,९९९ ला घेतलेली डिस्क महिन्याभरात संपवून, ओरखडा न पाडता, कव्हरसकट विकली तर माझ्या अनुभवात तीन-सव्वातीन हजार येतात. मग तुला तो गेम पडला अठराशेला. आमच्या दुकानातली निम्मी उलाढाल असल्या जुन्या डिस्कवर चालायची, आणि हुशार पोरं नवा गेम पहिल्या आठवड्यात घेऊन तिसऱ्या आठवड्यात आणून द्यायची, कारण भाव रोज उतरतो. हॉस्टेलवर चौघांनी मिळून एक डिस्क घेतली तर आणखी खाली. स्टोअरवरून डाउनलोड घेणार असशील तर नव्याच्या नादी लागू नको, सहा-आठ महिने थांब. दिवाळीच्या आणि वर्षअखेरच्या सेलमध्ये तोच गेम निम्म्यावर येतो.

मावसभावाला मात्र दुबईतून गेम आणायला सांगू नको. तिथं व्हॅट ५ टक्केच आहे खरा, पण दिरहम डॉलरला बांधलेला, त्यामुळं गेमच्या किमतीत आपल्यापेक्षा फारसं काही सुटत नाही. यंत्र घ्यायचं असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथं आपली ती १४४ वाली जकात वाचते. पण विमानतळावर सवलतीची मर्यादा ओलांडली तर कर भरावा लागतो आणि वॉरंटी तिकडचीच राहते. तरी त्यानं एखादी डिस्क आणलीच, तर ती चालेल, पण नंतर त्या गेमचं जादाचं कंटेंट, म्हणजे वरून विकत मिळणारे भाग, भारतीय खात्यातून घेण्याआधी डिस्क कुठल्या विभागाची आहे ते कव्हरवरच्या कोडवरून बघून घे. डिस्क एका विभागाची आणि कंटेंट दुसऱ्या विभागाचं असेल तर दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत, आणि स्टोअरवरचे पैसे परत मिळवायला नाकीनऊ येतात.